ध्येय हरले, पक्ष उरला : महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची वाटचाल



१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि बरोबर दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, तेथील जनतेने पहिल्यांदा मतदान केले. ज्या काँग्रेसचे शासन दिल्लीत होते, जिच्या पंतप्रधानांनी गोव्यात सैन्य धाडले होते, त्या काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. जी एक मिळाली ती दमणमध्ये. सत्ता गेली ती त्याच वर्षी जन्मलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडे. विरोधात जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष १२ जागा घेऊन बसला. 'मगो'चे चिन्ह सिंह, नेते खाणमालक दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकर आणि मागणी एकच, गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण.

खाणमालकाच्या पाठीशी कुळे आणि मुंडकार कसे उभे राहिले, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर गावागावांतील मराठी प्राथमिक शाळांत आणि १९६४ च्या कूळ कायद्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या शब्दावर जगलेल्या बहुजन समाजाला महाराष्ट्र म्हणजे केवळ नकाशावरील शेजारी नव्हता. तो शिक्षणाचा आणि सन्मानाचा मार्ग वाटत होता.

परंतु १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने हे स्वप्न संपविले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. अंतर ३४,०२१. केवळ ख्रिस्ती समाजाच्या मतांनी हे घडले, असे म्हणून समाधान मानणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. हिंदू मतदारांचाही एक भाग विलीनीकरणाच्या विरोधात गेला होता. त्याचे मन वळविण्यात मडगावच्या 'राष्ट्रमत'चा मोठा वाटा होता आणि ते दैनिक मराठी होते! मराठीवर प्रेम आणि मुंबईच्या कारभाराखाली जाण्याची इच्छा या दोन गोष्टी एक नव्हेत, हे पक्षाने ओळखले नाही. त्याच्या विरोधकांनी ओळखले.

जनतेचा विवेक मात्र पाहण्यासारखा. ज्या मतदाराने जानेवारीत मगोचे ध्येय नाकारले, त्यानेच दोन महिन्यांनी पक्षाला १६ जागा दिल्या. १९७२ मध्ये त्या १८ झाल्या. विलीनीकरण नको, पण भाऊसाहेब हवेत, असा तो निकाल होता. पक्षासाठी नवे ध्येय आखण्याची हीच वेळ होती. ती भाऊसाहेबांच्या लोकप्रियतेत निघून गेली.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी ते गेले. कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आणि कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती ही त्यांच्या काळातील कामे आजही स्मरणात ठेवावीत अशी आहेत. तरीही १९७९ मध्ये स्वपक्षीयांच्याच फुटीने सरकार कोसळले, १९८० मध्ये अवघ्या सात जागा उरल्या आणि पुढे ताईंनीच काँग्रेसची वाट धरली. संस्थापकाच्या घरातूनच पक्षाचा दिवा बाहेर गेला, यापरते दुर्दैव कोणते?

१९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, गोवा घटकराज्य झाले. १९८९ मध्ये ४० पैकी १८ जागा मिळवून सिंहाने पुन्हा मान वर केली. परंतु पुढील वर्षे पक्षांतरांच्या बाजारात गेली.

१९९४ मध्ये भारतीय जनता पक्षाशी युती झाली. मगोला १२ जागा मिळाल्या, भाजपाला चार. त्या चारांत मनोहर पर्रीकर आणि श्रीपाद नाईक होते. १९९९ मध्ये हेच आकडे चार आणि दहा असे उलटले. ज्याला सोबत घेतले त्याने घर नेले, असे मगोचे जुने कार्यकर्ते म्हणत असतील तर त्यांना दोष देता येत नाही. परंतु रिकाम्या घरातच दुसरा शिरतो, हेही खरे. बहुजन हिंदू मतदाराला संघटना हवी होती, आणि मगोकडे तोवर नेते उरले होते, शाखा नव्हत्या. रमाकांत खलप १९९६ मध्ये खासदार आणि केंद्रात राज्यमंत्री झाले खरे, पण तेही पुढे काँग्रेसमध्ये गेले.

त्यानंतर २००२ आणि २००७ मध्ये दोन-दोन, २०१२ आणि २०१७ मध्ये तीन-तीन. मार्च २०१९ मध्ये त्या तिघांतील दोघे एका मध्यरात्री भाजपात विलीन झाले. मागे उरलेल्या सुदिन ढवळीकरांचे उपमुख्यमंत्रिपद गेले. २०२२ मध्ये पक्ष तृणमूल काँग्रेसच्या सोबतीने, म्हणजे भाजपाच्या विरोधात, लढला आणि मडकई व मांद्रे या दोन जागा जिंकून भाजपाच्याच सरकारात सामील झाला. ढवळीकर पुन्हा मंत्री झाले. पक्षाच्या नावात 'महाराष्ट्रवादी' हा शब्द तेवढा अजून तसाच आहे.