डोक्याचा मुका मार

(परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)

खानदेश, विदर्भ आणि निमाडातून आलेले डॉक्टर, क्रीडाशिक्षक, वस्ताद, आणि तालमीतून थेट इथे आलेल्या माझ्या मुलांनो,

ताप्तीकाठच्या बऱ्हाणपुरात आपलं मनापासून स्वागत. या शहराला नाव मिळालं ते महाराष्ट्रातल्या खुलताबादला विसावलेल्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचं. नावापासूनच आम्ही आपले शेजारी. राज्याची सीमा मध्ये आली, तरी मराठी ती ओलांडून आमच्या घरांत नांदते आहे. कुंडी भंडारा आपण पाहालच. सातपुड्याचं पाणी जमिनीखालून शहरापर्यंत आणणारी ती व्यवस्था चारशे वर्षांपूर्वीची आहे. पण बऱ्हाणपूर ओळखायचं असेल तर यंत्रमागांचा खडखडाट ऐका. रात्री माग चालवणारा मुलगा पहाटे तालमीत उतरतो. माग थांबला की त्याची मजुरीही थांबते. आजच्या परिषदेचा विषय, डोक्याचा मुका मार, त्याच्यापासूनच सुरू होतो.

फार वर्षांपूर्वी कुस्तीच्या एका दंगलीत मी पंच होतो. असाच एक मुलगा डोक्यावर आपटला. उठला, आणि त्याने मला दोनदा विचारलं, "हे गाव कोणतं?" आम्ही तोंडावर पाणी मारलं. रक्त नव्हतं, म्हणून "मुका मार आहे" म्हणालो आणि पुढच्या कुस्तीला उभं केलं. त्याची पाठ थोपटणारा हात माझाच होता. पुढे महिनाभर त्याला उजेड सोसवेना, मागावर उभं राहिलं की चक्कर यायची. घरच्यांना वाटलं, पोरगा कामचुकार झाला. ती चूक आजही मला सलते, म्हणून ती आपल्यासमोर कबूल करतो.

डोक्याला बसणारा हा मुका मार फसवा असतो. कवटीच्या आत मेंदू हादरतो. बहुतेक वेळा शुद्धही जात नाही. साध्या स्कॅनमध्येही पुष्कळदा काही दिसत नाही. डोकं दुखणं, उलटी, गोंधळ, विसर, उजेडाचा त्रास या त्याच्या खुणा. मेंदू सावरण्याआधी दुसरा फटका बसला, तर त्याला सूज येऊन जीवही जाऊ शकतो. आणि यावरचं पहिलं औषध दुकानात मिळत नाही. ते औषध म्हणजे विश्रांती. मित्रहो, विषमता नेमकी इथेच शिरते. डोकं सगळ्यांचं सारखंच असतं, पण विश्रांती घेण्याची ऐपत सारखी नसते.

आधी क्रिकेटचं पाहा. 1962 साली बार्बाडोसमध्ये भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू बसला. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल रक्त द्यायला धावले, आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णीही पुढे आले. 1998 मध्ये ढाक्यात हेल्मेटशिवाय फलंदाजाजवळ क्षेत्ररक्षण करणारे रमण लांबा मात्र आपण गमावले. 2019 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू येतो. 2020 मध्ये कॅनबेरात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला, त्याच्याऐवजी युजवेंद्र चहल उतरला. जडेजा बसला म्हणून त्याच्या घरची चूल थांबली नाही. मातीतल्या पैलवानाला बदली कोण देणार?

आता दहीहंडीचं पाहा. 2022 मध्ये महाराष्ट्राने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला, 2023 पासून प्रो गोविंदा स्पर्धाही सुरू झाली. विमा आला, मृत्यू झाल्यास दहा लाखांची मदत जाहीर झाली. हे स्वागतार्हच आहे. पण वरच्या थरावर चढणारी मुलं बहुतेक चाळींतली आणि वस्त्यांतली आहेत. हात मोडला तर दिसतो. वरून पडलेल्या मुलाची एकाग्रता हरवली, अभ्यास सुटला, चिडचिड वाढली, तर त्याची नोंद कोण ठेवतं?

मुका मार नीट न मोजण्याची ही उणीव फक्त आपलीच नाही. अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने मेंदूचे विकार जडलेल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई देण्याचं मान्य केलं. ती ठरवताना कृष्णवर्णीय खेळाडूची बुद्धी मुळातच कमी होती, असं धरणारं मोजमाप वापरलं गेलं. साहजिकच त्याचं नुकसान कमी दिसायचं आणि भरपाई नाकारणं सोपं व्हायचं. 2020 मध्ये दोन निवृत्त खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा कुठे 2021 मध्ये हे मोजमाप सोडण्याचं लीगने कबूल केलं. जखम एक, आणि मोजायच्या पट्ट्या दोन! आपल्याकडे तर पट्टीच नाही. गरिबाचा मुका मार मोजलाच जात नाही.

पैलवान खाशाबा जाधवांना 1952 मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. पैलवानाला जिंकायला पाठवण्यासाठी पदरमोड करणारा आपला समाज आहे. त्याच समाजाने पैलवानाला पंधरा दिवस विश्रांती घेऊ देण्यासाठीही वर्गणी काढायला शिकलं पाहिजे.

म्हणून स्वागत समितीच्या वतीने या परिषदेपुढे तीन मागण्या ठेवतो. डोक्याला मार बसलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा फडात उतरवायचं नाही, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सरावही द्यायचा नाही. प्रत्येक दंगलीच्या इनामातला एक वाटा जखमींसाठी बाजूला काढायचा, म्हणजे विश्रांतीच्या दिवसांत त्यांची मजुरी बुडणार नाही. आणि प्रत्येक तालमीत मार बसल्याची तारीख लिहायला एक वही ठेवायची.

आपल्या राहण्या-जेवणात काही उणं राहिलं असेल, तर आमच्या पदरात घाला. परिषद संपेल, आपण गावी परताल. वस्तादांनो, उद्या पहाटे एखादा मुलगा डोकं धरून बसलेला दिसला, तर त्याला "ऊठ" म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, आणि त्याच्या घरी जाऊन सांगा, पोरगा कामचुकार नाही, जखमी आहे.