हिप्पी गेला, त्याचा प्रश्न राहिला

(वाशी येथील व्याख्यानात मांडलेल्या विचारांचा संपादित मजकूर)



आजचा विषय जाहीर झाल्यावर अनेकांनी मला विचारले की, वाशीसारख्या तालुक्याच्या गावी हिप्पींवर बोलण्याचे प्रयोजन काय? बालाघाटाच्या या माळावर हिप्पी कधी आला होता? प्रश्न रास्त आहे. हिप्पी येथे आला नाही, परंतु त्याचे नाव मात्र आले. माझ्या लहानपणी मराठवाड्यातल्या केशकर्तनालयात ‘हिप्पी कट’ मागणारे तरुण असत आणि कानांवर केस आलेला मुलगा घरी दिसला की आजोबा विचारीत, “काय रे, हिप्पी झालास का?” विचारणाऱ्याने हिप्पी पाहिलेला नसे आणि ऐकणाऱ्यानेही नसे. तरीही दोघांना शब्दाचा अर्थ कळत असे. हिप्पी म्हणजे घर सोडलेला, काम टाकलेला, कोणाचे न ऐकणारा माणूस.

हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. हिप्पीने घर का सोडले, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही. आज तो विचारणे आवश्यक झाले आहे. कारण ज्या अस्वस्थतेतून अमेरिकेतला तरुण उठून निघाला, ती अस्वस्थता आता आपल्या उंबरठ्याच्या आत आली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका डोळ्यांसमोर आणा. घरोघरी मोटार, शीतकपाट, दूरचित्रवाणी. मानवी इतिहासात एवढी सुबत्ता सामान्य माणसाच्या वाट्याला क्वचितच आली असेल. त्या सुबत्तेत वाढलेली पिढी 1960 नंतर तरुण झाली आणि आईबापांना विचारू लागली, “हे सारे मिळवून तुम्ही सुखी झालात का?” उत्तर मिळाले नाही. उलट सक्तीच्या सैन्यभरतीचा कागद हाती पडला आणि व्हिएतनामच्या जंगलात मरण्याची पाळी आली. 1967 च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या हेट-अ‍ॅशबरी वस्तीत हजारो मुले-मुली गोळा झाली. लांब केस, रंगीत कपडे, गळ्यात माळा, हातात फुले. युद्ध नको, मालमत्ता नको, बंधन नको, ही त्यांची भाषा. 1969 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक महोत्सवाला सुमारे चार लाख तरुण जमले. त्याच्या प्रारंभी व्यासपीठावर बसून बोलणारे होते भगव्या वस्त्रांतले स्वामी सच्चिदानंद. त्या पिढीची नजर भारताकडे का वळली होती, हे त्या एका दृश्यावरून ध्यानात यावे.

मात्र एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याच 1967 साली, 6 ऑक्टोबर रोजी, हेट-अ‍ॅशबरीतल्या काही कार्यकर्त्यांनी ‘हिप्पी’ची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. उन्हाळा संपेपर्यंत त्या वस्तीत व्यसन, आजार आणि उपासमार शिरली होती. बंधने तर तुटली, पण पुढे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. घर सोडणे सोपे असते. सोडल्यावर जावे कोठे, हे ठरवणे कठीण असते.

त्यांतले कित्येक जण आपल्याकडे आले. इस्तंबूल, तेहरान, काबूल, पेशावर असा खुष्कीचा मार्ग धरून, जुन्या बसगाड्यांत दाटीवाटीने बसून ते दिल्लीला पोचत आणि तेथून काठमांडूला किंवा गोव्याला जात. 1979 साली इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो मार्ग बंद पडला. तोवर जवळजवळ पंधरा वर्षे हा ओघ चालू होता.

गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला. साडेचारशे वर्षांच्या पारतंत्र्यातून नुकत्याच सुटलेल्या त्या भूमीत कळंगुट, हणजूण, वागातोर या किनाऱ्यांवर पाश्चात्त्य तरुणांचे तांडे उतरले. माडांच्या सावलीत झोपड्या, पौर्णिमेच्या रात्री संगीत, चिलमीचा धूर आणि विवस्त्र समुद्रस्नान. घरातली एक खोली भाड्याने गेली की पागी-रेंदेरांच्या कुटुंबाला चार पैसे मिळत. त्याच कुटुंबातल्या आईला मात्र मुलींना घेऊन किनाऱ्यावर जाण्याचा संकोच वाटू लागला. हणजूणचा बुधवारचा बाजार त्याच काळातला. मुक्कामासाठी पैसे उभे करावेत म्हणून हिप्पी आपल्या वस्तू तेथे विकत. पत्रकारितेच्या निमित्ताने मी त्या बाजारात गेलो, तेव्हा शिव, गणपती आणि ओंकार छापलेले कपडे शेकड्यांनी टांगलेले होते. मालमत्तेला विटलेल्या माणसांच्या मागे एक बाजारपेठ उरली होती, आणि तिच्यात आमची दैवते विक्रीला होती.

याचा दोष केवळ परक्यांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. तो तरुण येथे प्रश्न घेऊन आला होता. जगावे कशासाठी, असे तो विचारीत होता. ज्या देशात नचिकेत्याने हाच प्रश्न यमाला विचारला, त्या देशाच्या रस्त्यावर त्याला बहुतेक वेळा भेटला तो चरस विकणारा. आपण त्याला चिलीम विकली आणि वर त्याच्या अंगाच्या वासाला नावे ठेवली. भारताकडे त्याला देण्यासारखे काही नव्हते काय? होते, आणि ज्यांनी ते दिले त्यांची दोन उदाहरणे मी सांगणार आहे.

पहिले उदाहरण भक्तिवेदांत स्वामी प्रभुपादांचे. 1965 साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ‘जलदूत’ नावाच्या मालवाहू जहाजातून कोलकात्याहून निघून ते अमेरिकेला पोचले. वाटेत हृदयविकाराचे झटके आले. खिशात नाममात्र पैसे, ओळखपाळख जवळजवळ नाही. न्यूयॉर्कच्या ज्या भागात हे तरुण भटकत, तेथेच त्यांनी 1966 साली इस्कॉनची स्थापना केली आणि उघड्या बागेत झाडाखाली बसून नामसंकीर्तन आरंभिले. हिप्पी आले, नाचले, रंगले. स्वामींनी त्यांना हाकलले नाही आणि त्यांची भलावणही केली नाही. दीक्षा घ्यायची तर चार नियम पाळावे लागतील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले: मांसाहार नाही, नशा नाही, जुगार नाही, अनैतिक संबंध नाहीत. ज्या पिढीला कोणताच नियम नको होता, तिच्यातल्या अनेकांनी हे चारही नियम आनंदाने पत्करले. 1978 साली उघडलेले मुंबईचे जुहू येथील मंदिर त्याच चळवळीचे फळ आहे.

दुसरे उदाहरण एका डॉक्टरचे. लॅरी ब्रिलियंट हे अमेरिकन डॉक्टर हिप्पींच्या मेळ्यातून, त्याच बसमार्गाने भारतात आले आणि नैनीतालजवळच्या कैंची येथे नीम करोली बाबांच्या आश्रमात राहिले. त्यांना डोळे मिटून बसण्यात रस होता. बाबांनी त्यांना सांगितले की, जा, देवीच्या रोगाच्या निर्मूलनाचे काम कर. डॉक्टर आश्रमाच्या पांढऱ्या वेशात दिल्लीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यालयात गेले. नकार मिळाला. परत आले, बाबांनी पुन्हा धाडले. असे अनेकदा झाले, तेव्हा कोठे त्यांना काम मिळाले. 1974 साली बिहारमध्ये देवीची भीषण साथ पसरली होती. हजारो भारतीय कार्यकर्ते दारोदार फिरून रुग्ण शोधीत होते, आणि त्यांच्यात हा माजी हिप्पीही होता. 1975 च्या मे महिन्यात देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला. 1977 साली भारत आणि 1980 साली सारे जग देवीमुक्त घोषित झाले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण आठवा, म्हणजे या कामाचे मोल कळेल.

या दोन्ही उदाहरणांत भारताने त्या तरुणाचा प्रश्न खरा मानला, परंतु त्याचे उत्तर मान्य केले नाही. तुला घर सुटले आहे ना, मग आता मोठ्या घराचा हो, असे त्याला सांगितले. एकाला व्रत दिले, दुसऱ्याला सेवा दिली. बंधनातून सुटलेल्या माणसाने स्वेच्छेने त्याहून मोठे बंधन स्वीकारावे, यालाच आपल्या परंपरेत मुक्तीची वाट म्हटले आहे.

याचा पुरावा शोधण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. शेजारच्या भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. 1955 च्या सप्टेंबरात तेथे आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना व्रताने देह ठेवला. त्यांच्याजवळ वस्त्रही नव्हते. गोव्याच्या किनाऱ्यावर वस्त्र टाकणाराही निर्बंध होऊ पाहत होता आणि कुंथलगिरीचा मुनीही. पण एकाने वस्त्र टाकले ते देहाचे सुख मोकळेपणी भोगता यावे म्हणून, आणि दुसऱ्याने टाकले ते देहाची आसक्तीच गळून पडावी म्हणून. बाहेरून त्याग सारखा दिसतो. आत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते.

आणि आपल्याच जिल्ह्यात तेर आहे. गोरोबाकाकांची कथा आपण सर्व जण कीर्तनात ऐकत आलो आहोत. संत जमले असता काकांनी हातात थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे ते पाहिले. सारे शांत राहिले. नामदेव मात्र चिडले आणि कच्चे ठरले. पुढे औंढ्याला जाऊन त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केले आणि ते मडके असे भाजले गेले की पंजाबापर्यंत त्याचा नाद गेला. या कथेतले काका स्वतः प्रपंची आहेत. त्यांनी चाक सोडले नाही, माती सोडली नाही, घर सोडले नाही. हिप्पीचे नेमके हेच राहून गेले. त्याची माती चांगली होती, आकारही डौलदार होता. भट्टी मात्र त्याला नको होती.

आता आपल्या घराकडे वळू. जुना हिप्पी आज वृद्ध झाला आहे, कित्येक निवर्तलेही. परंतु त्याचे उष्टे आपण उचलले आहे. त्याची फाटकी विजार दुकानात हजारोंना विकली जाते. त्याचे ‘माझ्या मनाला येईल ते करीन’ हे वाक्य जाहिरातींनी पाठ केले आहे. त्याने उपभोगाविरुद्ध बंड केले होते, हे मात्र सोयीस्करपणे विसरले गेले. पंडित दीनदयाळ उपाध्यायांनी 1965 साली मुंबईतील चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. अर्थ आणि काम यांना त्यांनी नाकारले नाही, त्यांना धर्माचा आधार हवा असे सांगितले. आजचा नवा हिप्पी अर्थ आणि काम तेवढे ठेवतो आणि त्यालाच स्वातंत्र्य म्हणतो. तो किनाऱ्यावर राहत नाही. आपल्याच माडीवर, दार लावून, हातात भ्रमणध्वनी घेऊन बसलेला असतो. घर न सोडताच तो घरातून निघून गेलेला असतो.

आणि चिलमीची जागा घेणारे पदार्थही येऊन ठेपले आहेत. 1985 साली अमली पदार्थविरोधी कायदा झाला, तेव्हा मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत गर्द पसरले होते. त्या संकटातूनच 1986 साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. त्या वेळी आपण म्हणत होतो, हा शहराचा रोग आहे. 2025 साली तुळजापूरचे मेफेड्रोन-प्रकरण राज्यभर गाजले. कोण दोषी, हे न्यायालय ठरवील; त्यावर मी बोलणार नाही. पण आई भवानीच्या पायथ्याशी ते विष पोचले, ही वस्तुस्थिती आहे. आता हा शहराचा रोग, असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

मग करायचे काय? केवळ धाक दाखवून हे होणार नाही. अमेरिकेतल्या बापांनीही धाक दाखवला होता. मुलगा केस वाढवतो, गिटार वाजवतो, एकटाच कोठे भटकून येतो, म्हणून तो बिघडला असे समजू नका. तो “शेती कशाला? शिक्षण कशाला? लग्न कशाला?” असे विचारू लागला, तर रागावू नका, प्रश्न विचारणारे मूल हरवलेले नसते. सोयाबीनला भाव नाही, नोकरीची खात्री नाही आणि जमलेले लग्न मोडते, अशा स्थितीत त्याच्या मनात काय चालले आहे, हे आपण त्याच्याजवळ बसून कधी विचारले आहे काय? रात्रीचे एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे, दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी बाजूला ठेवावेत आणि वडिलांनी आपल्या पराभवाच्या गोष्टीही मुलांना सांगाव्यात. एवढ्यापासून आरंभ करता येईल.

दुसरी गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. तरुणाला ऐकवण्यापूर्वी त्याला काम द्या. दुष्काळात गाळ काढण्याचे, शाळेतल्या मुलांना शिकवण्याचे, रुग्णाला दवाखान्यात नेण्याचे काम. नीम करोली बाबांनी त्या डॉक्टरला प्रवचन दिले नाही, पत्ता दिला. आपल्या शाखेजवळ, आपल्या भजनी मंडळाजवळ असा एखादा पत्ता असला पाहिजे. वाट चुकलेला तरुण आला तर त्याच्या केसांकडे न पाहता त्याच्या हातांकडे पाहणारा माणूस तेथे असला पाहिजे.

काही दशकांपूर्वी परदेशातला तरुण आपला प्रश्न घेऊन आपल्या दाराशी आला होता. तेव्हा आपल्यापैकी थोड्यांनीच त्याला उत्तर दिले. आज तोच प्रश्न आपला मुलगा विचारतो आहे. या वेळी मात्र त्याला रस्त्यावरच्या विक्रेत्याच्या हवाली करून चालणार नाही.