दंडनायक गंगराज : एका विजेत्याचे मागणे

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या चरणांशी गेलेला मराठी यात्रेकरू तेथील मराठी अक्षरे पाहून हरखून जातो. एक ओळ मूर्ती घडविणाऱ्या चामुंडरायांची. दुसरी ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियले’ ही. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीचा परकोट. तो बांधविणारा हा गंगराज कोण होता?

होयसळ नरेश विष्णुवर्धनाचा तो दंडनायक आणि शुभचंद्र सिद्धांतदेवांचा श्रावक-शिष्य. गंगवाडीची जुनी राजधानी तळकाड तेव्हा चोळांकडे होती. चोळांचा सामंत अदियम याचा इ. स. १११६ च्या सुमारास पराभव करून गंगराजाने ती जिंकली. पुढे कन्नेगाल येथे चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या सैन्यावर त्याने रात्री छापा घातला आणि हाती आलेली रसद व वाहने राजाच्या स्वाधीन केली.

प्रसन्न झालेल्या राजाने वर मागण्यास सांगितले. गंगराजाने परम हे गाव मागितले आणि इ. स. १११८ मध्ये ते माता पोचलदेवी व पत्नी लक्ष्मीदेवी यांनी उभारलेल्या जिनालयांच्या पूजेसाठी अर्पण केले. गोविंदवाडी हे गाव त्याने असेच गोम्मटेश्वराच्या पूजेस लावून दिले.

अहिंसेचा उपासक रणांगणावर कसा, असा प्रश्न येथे उभा राहतो. गृहस्थाच्या बाबतीत आचार्यांनी संकल्पी व विरोधी हिंसा असा भेद केला आहे. परंतु तळकाडची स्वारी केवळ स्वसंरक्षणासाठी नव्हती, तीत राज्यविस्तारही होता. हे झाकून त्याचे गुणगान करणे सत्यव्रतास शोभणार नाही. त्याची थोरवी तलवारीत नसून, विजयाचे फळ हाती आले असता त्याने घातलेल्या परिग्रहाच्या मर्यादेत आहे.

लक्ष्मीदेवींनी इ. स. ११२१ मध्ये समाधिमरण स्वीकारले. गंगराजाच्या निधनानंतर पुत्र बोप्पाने पित्याच्या स्मरणार्थ हळेबीड येथे पार्श्वनाथ जिनालय उभारले. धर्माचा वारसा असा घरातूनच पुढे गेला.

मंदिर बांधणे एकवेळ सुलभ. त्यातील पूजा नित्य चालविणे कठीण. गंगराजाने गावे दिली ती त्यांच्या उत्पन्नातून दिवा अखंड तेवावा म्हणून. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या आपल्या ट्रस्टनेही स्वतःस हेच विचारावे : आपण किती बांधले, यापेक्षा पुढील पन्नास वर्षांची तरतूद किती केली? आणि त्यात ‘माझे’ म्हणून काही मागे ठेवले नाही ना?

जय जिनेंद्र!