स्वस्त दराचा हिशेब

मुलुंडमध्यें जुनीं घरें पाडून नव्या इमारती उठत आहेत. त्यांतील विजेचें काम मुख्य कंत्राटदार बहुधा पोटकंत्राटदारास देतो. दर मागवितो तो ‘पॉइंट’चा: दिवा, पंखा, प्लग, प्रत्येकाचा एक. ज्याचा दर कमी, त्याला काम.

मींहि एकदां असा दर भरला. नकाशावरील पॉइंट मोजले. तारेची लांबी मात्र मोजली नाहीं. स्लॅब ओतण्यापूर्वीं नळ्या टाकावयाच्या, त्यासाठीं माणसें चार दिवस खोळंबलीं. ती मजुरी हिशेबांत नव्हती. पुढें तांब्याचा भाव चढला. तेव्हां मनांत आलें, भिंतींत बारीक तार घातली तर कोणास दिसणार?

परंतु गीझरसाठीं चार चौरस मिलिमीटरच्या जागीं एकची तार घातली, तर ती तापते, वेष्टन वितळतें आणि आग लागूं शकते. मी तोटा सोसला, तार बदलली नाहीं.

तेव्हांपासून दर भरण्यापूर्वीं चार गोष्टी लेखी ठरवितों: माल कोणाचा, खोळंब्याची मजुरी कोणाची, दर किती दिवस कायम, आणि राखून ठेवलेली रक्कम केव्हां मिळणार. काम गेलें तरी चालेल.

आपणांस विनंती एवढीच कीं, मुलुंडला वीज महावितरणची. जोडणीसाठीं परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी-अहवाल लागतो. घराचा ताबा घेतांना त्याची प्रत मागून घ्यावी, आणि भिंतींत कोणत्या जाडीची तार आहे, हेंहि विचारावें.