शाळा सोडल्याचा दाखला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. आपल्या कार्यवाह बाई म्हणाल्या, "तुमच्या लहानपणच्या वस्तीवर चार शब्द सांगा," म्हणून उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शब्द साधे असतील, ते गोड मानून घ्यावेत.

माझे माहेर अक्कलकोट रस्त्याकडच्या विणकर वसाहतीच्या अंगाला. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. आपली जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून मागावर पोट भरणारी माणसे इकडे येत राहिली. तेलंगणातून पद्मशाली आले, कर्नाटकाच्या अंगाने कानडी कुटुंबे आली, आमच्यासारखी मराठी माणसे दुष्काळाने खेड्यांतून आली. साखर पेठ, दाजी पेठ या जुन्या पेठा भरून गेल्या. पुढे हातमाग जाऊन यंत्रमाग आले. त्यांना जागा जास्त लागते, म्हणून वस्ती पूर्वेकडे माळावर सरकली. आमचे उपनगर असे वसले. कोणी हौसेने बांधले नाही, मागाच्या मागे माणसे गेली.

आमच्या गल्लीत सकाळ खटखटाटाने होई. घराच्या पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार. पुरुष चादरीचा माग चालवीत, बायका कांड्या भरीत. ज्यांच्या घरी माग नव्हता त्यांच्या उंबऱ्यावर विडीचे सूप असे. शेजारच्या तेलुगू बाईंना आम्ही अक्का म्हणत असू, पलीकडच्या मुसलमान बाईंना आपा. नवरात्रात अक्कांच्या अंगणात फुलांची बतुकम्मा मांडली जाई, संक्रांतीला सगळी गल्ली सिद्धेश्वराच्या गड्ड्याला जाई. कोणाची भाषा कोणती हे आम्हां पोरींना मोठेपणीच कळले. भांडायलासुद्धा आम्हांला तीन भाषा येत.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचे काम निघाले. मूळ दाखला कुठल्याशा घरबदलात हरवला होता. दुय्यम दाखला काढायचा म्हणजे प्रतिज्ञापत्र करून शाळेत जायला हवे. त्या निमित्ताने कितीतरी वर्षांनी त्या गल्ल्यांतून पायी चालले.

रस्ते आता सिमेंटचे झाले आहेत. पत्र्याच्या घरांवर मजले चढले आहेत. पण माग पुष्कळ ठिकाणी गप्प आहेत. सोलापुरी चादरीला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातल्या पहिल्यापहिल्या वस्तूंत तिची गणना झाली, याचा आपल्याला अभिमान आहेच. तरी मानांकनाने विणकराचे पोट भरत नाही. मागात जीव नाही म्हणून पोरे पुण्याला गेली. विडीवाल्या शेजारणींपैकी काही जणी कुंभारीच्या घरकुलात राहायला गेल्या. तेथे विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरे बांधली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. पुढे रे नगरची पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. स्वतःच्या नावाचे घर ही बाईसाठी केवढी गोष्ट आहे, ते भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या बाईलाच कळते.

शाळा मात्र जागेवर आहे. आमची ती महापालिकेची मराठी शाळा. घंटा म्हणजे दोरीला टांगलेला रुळाचा तुकडा, तो आता नाही, विजेची घंटा आहे. भिंतींवर सुंदर चित्रे काढली आहेत, मुलींसाठी वेगळे संडास झाले आहेत. आमच्या वेळी एका वर्गात मुले मावत नसत, आज बाके मोकळी दिसली. इंग्रजी शाळेची गाडी दारात येते तिकडे आईबाप जातात, त्यांना दोष कसा द्यावा?

मुख्याध्यापक बाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढले. जुने, कडा झिजलेले, कापडी पाठीचे. माझी ओळ सापडली. नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख. शेवटच्या रकान्यात "शाळा सोडल्याचे कारण". माझ्यापुढे लिहिले होते, "सातवी उत्तीर्ण." मी त्याच पानावर वरखाली पाहिले. मुलांच्या पुढे बहुतेक ठिकाणी "पुढील शिक्षणासाठी" असे होते. मुलींच्या पुढे नुसते "सातवी उत्तीर्ण". पुढे काय, त्याला रकानाच नव्हता.

भगिनींनो, मला कोणी शाळेतून काढले नाही. शाळाच संपली. सातवीपर्यंत वर्ग होते, हायस्कूल लांब होते, आणि घरात आई रोज हजार विड्या वळायला बसत होती. पाने फर्म्यावर ठेवून कातरीने कापायची, विडीची तोंडे मिटायची, जुड्या बांधायच्या, ही कामे पोरींच्या कोवळ्या बोटांची. कारखान्यात छाट कमी निघावी म्हणून आई माझ्याच हाताला काम देई. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला ठेवता येत नव्हते. पण घराच्या उंबऱ्यावर कायद्याची नजर कुठून पोचणार?

आज काळ बदलला आहे. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंत शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. म्हणजे सातवीची वेस आठवीवर गेली. पण वेस ती वेसच. नववीला मुलगी गेली की नाही हे विचारायला आजही कायदा येत नाही. ते आपल्यालाच विचारावे लागेल. आपल्या गल्लीत आठवी झालेली मुलगी जूनमध्ये घरी दिसली, तर तिच्या आईकडे हळदीकुंकवाला जाण्याइतक्याच सहजतेने जाऊन विचारावे, असे माझे म्हणणे आहे.

आता आपल्यासारख्यांचे काय? दाखला घेताना मुख्याध्यापक बाईंनी मला एक गोष्ट सांगितली, ती मुद्दाम सांगते. दहावीच्या परीक्षेला बसायला शाळेत जावेच लागते असे नाही. राज्याच्या परीक्षा मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म असतो. तो भरून बाहेरून परीक्षा देता येते. किमान पाचवी पास असावे लागते आणि वयाची वरची अट नाही. म्हणजे सातवी झालेल्या बाईला आठवी-नववी न करता थेट दहावीला बसता येते. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो एवढे कागद लागतात. दाखला हरवला असेल तर दुय्यम दाखला आणि प्रतिज्ञापत्र. फॉर्म संगणकावरून भरायचा असतो, त्याच्या तारखा परीक्षा मंडळ दरवर्षी जाहीर करते. ते मंडळ आणि आपले मंडळ यांत गोंधळ करू नये. ते परीक्षा घेते, आपण चहा देतो!

हसलात, बरे वाटले. पण मी थट्टेने बोलत नाही. दहावी पास असेल तर बचतगटाच्या हिशेबात बाईचा शब्द वजनाने पडतो. आणि नोकरी करायची नसली तरी मुलाच्या वहीत काय लिहिले आहे ते आईला कळावे, याला काय कमी मोल आहे? गणिताची मला भीती वाटते. पण महिन्याच्या पगारात तीस दिवस बसवणाऱ्या बाईने गणिताला भ्यावे, हे काही खरे नाही.

माझी सूचना एवढीच. आपला हॉल संध्याकाळी रिकामा असतो. आठवड्यातून तीन दिवस, दिवेलागणीनंतर दीड तास, तेथे अभ्यास बसावा. आपल्यांत दोघी-तिघी निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी शिकवावे. ज्यांच्या मुली नववी-दहावीला आहेत त्यांनी मुलींनाही आणावे. मायलेकी एका बाकावर बसल्या तर लाज वाटण्यासारखे काही नाही, एका ताटात जेवतोच की.

ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी कार्यक्रम झाल्यावर कार्यवाह बाईंकडे द्यावे. दाखला हरवला असेल त्यांच्याबरोबर शाळेत यायला मी तयार आहे, वाट आता माहीत झाली आहे. यादीत पहिले नाव मी माझेच लिहिले आहे. दुसरे कोणाचे, ते तुम्ही ठरवा.