हाताशिवाय आलेला चेंडू



आमच्या परिचयाच्या एका क्रिकेट क्लबात मध्यंतरी मोठा वाद झाला. क्लबाच्या गंगाजळीत थोडे पैसे शिल्लक पडले होते. तरुण सभासद म्हणाले, चेंडू फेकणारे यंत्र घ्यावे. पुढेमागे ऐपत आलीच तर ज्याच्या पडद्यावर गोलंदाज धावत येताना दिसतो, तसलेही आणावे. वडीलधारी मंडळी म्हणाली, यंत्राने का कोठे खेळाडू घडतात? शेवटी आम्हाला पंच नेमण्यात आले. निकाल आम्ही अजून राखून ठेवला आहे. तो आज आपणा सर्वांसमोर द्यावा, अशा विचाराने येथे उभे आहोत.

फलंदाजाला सरावासाठी खोटा गोलंदाज हवा, ही कल्पना काही आजची नव्हे. निकोलस फेलिक्स या नावाने खेळणाऱ्या एका इंग्रज शाळामास्तरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच चेंडू फेकणारे एक यंत्र तयार केले होते. त्याचे नाव 'कॅटापुल्टा'. पुढे तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनीही असे यंत्र बनवले. शाळेत ज्यांच्या वर्तुळांच्या आकृत्या आपण काढल्या, तेच हे व्हेन. १९०९ साली ऑस्ट्रेलियाचा संघ केंब्रिजला आला असता या यंत्राने त्यांच्या एका नामांकित फलंदाजाचा चार वेळा त्रिफळा उडवला, असे सांगतात. तर्कशास्त्राचा एवढा रोकडा प्रत्यय क्वचितच कोणाला आला असेल!

आता थोडे गणित करू. खेळपट्टी २२ यार्डांची. ताशी १४० किलोमीटर वेगाने हातातून सुटलेला चेंडू फलंदाजापाशी सुमारे अर्ध्या सेकंदात येतो. एवढ्या अवधीत चेंडू पाहायचा, ओळखायचा, पाय हलवायचा आणि बॅट आणायची. पीटर मॅक्लाउड या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली या बाबतीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मॅटिंगखाली लाकडी पट्ट्या दडवून त्यांनी चेंडू टप्पा पडल्यावर अचानक वळेल अशी योजना केली. तेव्हा असे आढळले की, शेवटच्या सुमारे एक-पंचमांश सेकंदात झालेला बदल कसोटी दर्जाच्या फलंदाजालाही सावरून घेता येत नाही. त्याचे डोळे आपल्याहून चपळ असतात ही आपली समजूत खरी नव्हे.

मग तो खेळतो कसा? तर आधी ओळखून खेळतो. मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून त्यांची नजर टिपली. फलंदाज चेंडू सुटताना पाहतो, आणि मग त्याची नजर उडी मारून चेंडू जेथे पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते. जो अधिक कुशल, त्याची उडी अधिक लवकर. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००६ साली याच्याही मागे जाऊन दाखवले की, चेंडू सुटण्यापूर्वीच गोलंदाजाचा हात आणि दंड पाहून उत्तम फलंदाज बराच अंदाज बांधतो.

मंडळी, आपल्या वादाचे मर्म येथे आहे. फलंदाज चेंडू खेळतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो आधी माणूस वाचतो. रेल्वे फलाटावर परिचिताचा चेहरा दिसण्यापूर्वी त्याच्या चालीवरून आपण त्याला ओळखतो, तद्वत.

आता नेहमीचे यंत्र पाहा. दोन चाके वेगाने फिरतात आणि त्यांच्यामधून चेंडू भिरकावला जातो. चाकांचा वेग आणि कल बदलला की स्विंग मिळतो, फिरकी मिळते. यंत्र चालवणारा चेंडू वर धरून दाखवतो आणि आत सोडतो. धाव नाही, खांदा नाही, मनगट नाही. पत्र यावे, पण पाठवणाऱ्याचे अक्षर नसावे, तसा हा हाताशिवाय आलेला चेंडू. अशा यंत्रापुढे आणि खऱ्या गोलंदाजापुढे फलंदाजाच्या हालचालींची वेळ एकच राहत नाही, हेही अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठीच पडद्याचे यंत्र निघाले. समोर माणसाच्या उंचीचा पडदा. त्यावर खऱ्या गोलंदाजाचे चित्र धावत येते, उडी घेते, हात फिरवते. आणि हात जेथे चेंडू सोडतो, नेमक्या तेथल्या भोकातून त्याच क्षणी खरा चेंडू बाहेर येतो. येथे यंत्राने माणसाचे शरीर परत आणले, हे मान्य केले पाहिजे.

परंतु शरीर आले म्हणजे माणूस आला काय? २००५ साली इंग्लंडच्या संघाने शेन वॉर्नच्या फिरकीला तोंड देण्यासाठी 'मर्लिन' नावाच्या यंत्रावर सराव केला. वॉर्नसारखा वळणारा चेंडू ते हुकमी टाकत असे. इंग्लंडने ती मालिका २-१ अशी जिंकली. यंत्राचे कैवारी येथे टाळ्या वाजवतील. पण त्याच मालिकेत वॉर्नने ४० बळी घेतले! वळण यंत्राने शिकवले असेल. पण तीन चेंडू मुद्दाम एकसारखे टाकून चौथ्याला फसवावे, ही बुद्धी यंत्रात कोठून यायची? यंत्र चेंडू टाकते. त्याला तुम्हाला बाद करण्याची इच्छा नसते.

आता आपल्या मुंबईच्या मुलाची गोष्ट. १९९८ साली याच वॉर्नचा सामना करायचा होता सचिन तेंडुलकरला. वॉर्न राउंड द विकेट येऊन लेग स्टंपबाहेरच्या उखडलेल्या जागेत चेंडू टाकणार, हे त्याने हेरले. चेन्नईत त्याने तशीच जागा उखडून घेतली आणि लक्ष्मण शिवरामकृष्णन या जुन्या लेगस्पिनरला तेथेच चेंडू टाकायला सांगितले. हेही प्रतिरूपच, पण हाडामांसाचे! चेन्नई कसोटीच्या पहिल्या डावात वॉर्नने त्याला ४ धावांवर बाद केले. दुसऱ्या डावात त्याने नाबाद १५५ धावा केल्या आणि भारताने सामना जिंकला. सरावाने यशाची हमी मिळत नाही. पण पहिल्या अपयशानंतर डगमगू नये, एवढे बळ मिळते.

म्हणून यंत्र टाकाऊ ठरवावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या मुलाचा पुलचा फटका कच्चा आहे, त्याला एकाच टप्प्याचे साठ चेंडू कोणता गोलंदाज टाकील? वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजाकडून अतोनात चेंडू टाकून घेतले तर त्याच्या पाठीच्या मणक्याला चीर जाते. तो भार यंत्राने उचलावा. आणि जिल्ह्याच्या गावी ताशी १४० किलोमीटरचा चेंडू टाकणारा कोण असतो? तसला चेंडू निवड चाचणीच्या दिवशी आयुष्यात प्रथम पाहणारा मुलगा गुण असूनही घरी परततो. त्याला यंत्राने न्याय मिळू शकेल.

पण दुसराही एक मुलगा आहे, त्याला विसरून चालणार नाही. नेटमध्ये दिवसभर इतरांना चेंडू टाकणारा तो मुलगा. तमिळनाडूचा टी. नटराजन २०२०च्या अखेरीस भारतीय संघाबरोबर ऑस्ट्रेलियाला गेला तो नेट गोलंदाज म्हणून. त्याच दौऱ्यात तो भारताकडून एकदिवसीय, टी-ट्वेन्टी आणि कसोटी असे तिन्ही प्रकारचे सामने खेळला. नेटमध्ये माणसाची जागाच उरली नसती, तर तो विमानात बसला असता काय? फलंदाजाचा सराव हीच गोलंदाजाची शाळा असते. यंत्र घेताना ती शाळा बंद पडता कामा नये.

तेव्हा आमचा निकाल असा : क्लबाने साधे यंत्र घ्यावे. आठवड्यातून दोन दिवस ते एकेका फटक्याच्या घोटणीसाठी चालवावे. पडद्याचे यंत्र एका क्लबाच्या आवाक्यातले नाही. ते जिल्ह्याच्या संघटनेने आणावे आणि सर्व गावांच्या मुलांना पाळीपाळीने द्यावे. क्लबाचे उरलेले पैसे मात्र नेटमध्ये गोलंदाजी करणाऱ्या मुलांचे बूट, चेंडू आणि संध्याकाळचा खाऊ यांवर खर्च व्हावेत. आणि बाकीचे पाच दिवस यंत्रावर कापड घालून ठेवावे.

हा निकाल दोन्ही पक्षांना थोडा थोडा नापसंत पडेल, अशी आम्हाला आशा आहे. पंचाचा निकाल तसाच असावा लागतो.