कालव्याचं पाणी, कारखान्याची वाफ



पाथरीचा इतिहास निघाला की गोष्ट नगरच्या निजामशाहीपर्यंत जाते. निजामशहांचे पूर्वज इथले कुलकर्णी आणि या गावासाठी निजामशहांनी वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाया केल्या, हे इतिहासकार फिरिश्त्यानं लिहून ठेवलंय. आपल्या पैठणच्या डाव्या कालव्याचा इतिहास मात्र अजून कचेरीतल्या फायलींत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच आहे.

पाण्यावर चाक फिरवणं मराठवाड्याला नवं नाही; संभाजीनगरची पाणचक्की साक्षीला आहे. १९१५ साली टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला उतरवून वीज केली, त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पैठणच्या डाव्या कालव्यानं आपल्याकडं असं चाक फिरवलं नाही. तरीही देवनांद्रा आणि लिंब्याचे साखर कारखाने त्याच्याच जोरावर उभे आहेत, असं मी ठामपणे म्हणतो. चारीचं पाणी उसात जातं. रस निघाला की उरलेला भुसा बॉयलरमध्ये जळतो, त्याची वाफ टर्बाइन फिरवते आणि कारखान्याला वीज मिळते. साखरही पाण्याची, आगही पाण्याचीच!

हे पाणी येतं जायकवाडी धरणातून. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. धरणाची मूळ जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीची; धरण वर पैठणला गेलं, नाव तेच राहिलं. तिथून निघालेला हा कालवा २०८ किलोमीटरचा.

पण अस्तरीकरण उखडलंय, चाऱ्यांत बाभळी वाढल्यात. आवर्तन सुटलं की वरच्या अंगाला उसाची तहान भागते आणि टेलचा शेतकरी रात्रभर बॅटरी घेऊन कोरड्या दारापाशी बसतो. नगर-नाशिककडून हक्काचं पाणी मागताना आपण समन्यायी वाटपाचा कायदा दाखवतो, १५ ऑक्टोबरच्या जायकवाडीतल्या ६५ टक्के साठ्याचा हिशेब मांडतो. तोच न्याय आपल्याच कालव्यावर, वरच्या गावानं खालच्या गावाला द्यायला नको का? कारखानदारांनीही याचं उत्तर द्यावं.

दुपारच्या सत्रात कालव्याच्या खोदाईवर राबलेली मंडळी बोलणार आहेत. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा, आणि कुणाच्या घरी पाणीपट्टीच्या जुन्या पावत्या असतील तर त्या नोंदणीच्या टेबलावर दाखवा. तिथं लगेच नक्कल काढून मूळ पावती परत मिळेल.